फिरस्तीचा टपालकट्टा : एका दिवसात इटलीची तीन गावं

या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयावर आली आहेत. फ्लॉरेन्सला मुक्काम आणि तिथून सकाळी निघून रात्री परत आणणारी, गाईडसकट बसची सहल : सिएना, सान जिमिन्यानो, पिसा. बुकिंगचा हंगाम सुरू झाल्याचा हा परिणाम. त्यामुळे व्हिएतनामवाल्यांनी जरा दम धरावा, पुढच्या अंकात त्यांचा नंबर.

प्रश्न : आम्ही दोघं आणि मेहुणी-साडू असे चौघं सप्टेंबरात इटलीला निघालोय. फ्लॉरेन्सला तीन रात्री आहेत. वर लिहिलेली तिन्ही गावं आणि मध्ये द्राक्षमळ्यात जेवण अशी एका दिवसाची सहल आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, नुसती पळापळ आहे, एकच गाव करा." साडू म्हणतात, एवढा खर्च करून जायचं तर तिन्ही झाली पाहिजेत. ताई, निवाडा तुम्हीच करा.
(एक वाचक, लातूर)

उत्तर : निवाडा साडूंच्या बाजूनं, पण त्यांना एक गोष्ट सोडावी लागेल. आधी दिवसाचा हिशेब मांडू.

बस सकाळी आठच्या आसपास, बहुधा सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून सुटते. सिएनाला सव्वा तास. तिथून सान जिमिन्यानो पाऊण-एक तास, पुढं पिसा सव्वा-दीड तास, पिसाहून फ्लॉरेन्स पुन्हा सव्वा तास. म्हणजे अकरा-बारा तासांच्या दिवसातले साडेचार-पाच तास गाडीतच गेले. या जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे. बस वेशीबाहेर थांबते, पुढं चालत. जाऊन-येऊन तो वेळही धरा. जेवणाला दीड तास. हातात उरलं काय, तर सिएनाला दोन तास, सान जिमिन्यानोला तास, पिसाला तास-सव्वा तास.

इटलीचे ग्रुप न्यायला लागण्याआधी मी वेरूळला गाईड होते. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं येऊन एका दिवसात वेरूळ, घृष्णेश्वर, देवगिरी, पाणचक्की आणि बीबी का मकबरा उरकणारी मंडळी मी रोज बघायचे. त्यांच्यात दोन तऱ्हा. काहीजण सगळीकडं सारखाच वेळ वाटायचे, आणि संध्याकाळी मकबऱ्यात पोचेपर्यंत कुठलं लेणं कुठं पाहिलं याचा त्यांच्या डोक्यात काला झालेला असायचा. काहीजण कैलास लेण्यापाशी बसकण मारायचे आणि म्हणायचे, "ताई, बाकीचं जमेल तसं दाखवा." यातल्या दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांचे मला अजून फोन येतात, त्या हत्तीच्या शेजारी काय होतं हो म्हणून.

तुम्ही त्या दुसऱ्या लोकांसारखं करा. सिएना जीव लावून बघा, सान जिमिन्यानो पायाखालून घाला, पिसाला फोटो काढा आणि गाडीत बसा. आणि सोडायचं ते जेवण. बऱ्याच कंपन्या हीच सहल जेवणासह आणि जेवणाविना अशी दोन्ही प्रकारे विकतात. पण बुक करण्याआधी एक प्रश्न विचारा : "जेवण न घेणाऱ्यांना त्या वेळात कुठं सोडता?" सिएनात किंवा सान जिमिन्यानोत मोकळं सोडत असतील तर डोळे झाकून घ्या. मळ्यातच थांबवून ठेवत असतील, तर मग बाकीचे जेवत असताना तुम्ही उन्हात बाकावर बसणार. मग तुम्हीही जेवलेलंच बरं.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही. पिसा एकटं करायचं तर फ्लॉरेन्सहून रेल्वेनं तासाभरात होतं, त्याला बस कशाला? सिएनालाही थेट बस आहे. अडतं ते सान जिमिन्यानोला. त्या गावाला रेल्वे स्टेशन नाही. पोज्जीबोन्सीला उतरून पुन्हा बस धरावी लागते, आणि ती चुकली की दिवस कलला. तिन्ही गावं एका दिवसात स्वतःच्या हिमतीवर जोडणं जवळजवळ अशक्य. सहलीचे पैसे आपण खरे यासाठी देतो.

वेळेच्या बाबतीत मात्र "पाच मिनिटं इकडंतिकडं" चालत नाही. युरोपात बसचालकाच्या तासांना कायदा आहे. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, रात्री ठरलेले तास झोप, आणि हे सगळं गाडीतल्या यंत्रावर नोंदलं जातं. चालकाला तुमची कीव आली तरी तो थांबू शकत नाही. पिसाहून बस चुकवून स्वतःच्या तिकिटानं रेल्वेनं परतलेली मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. कारण एकच : फ्रिजवर लावायची चुंबकं घ्यायला गेलो होतो!

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षिका. सिएनाला दोनच तास मिळणार. गाईड कॅथेड्रल दाखवणार आहे, नंतर पाऊण तास मोकळा. त्यात काय बघू?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : बाई, तुमच्यासाठी सिएनात एक भिंत आहे.

गाईड तुम्हाला पियात्सा देल काम्पोत नेईलच. शिंपल्याच्या आकाराचा, एका बाजूला उतरता, विटांचा चौक. फरसबंदीचे नऊ भाग आहेत, कारण १२८७ ते १३५५ या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांचं मंडळ बघत होतं. चौकाच्या उताराच्या टोकाला पालात्सो पुब्लिको, म्हणजे त्या मंडळाची कचेरी. बहुतेक सगळे तिच्या मनोऱ्याकडं मान वर करून बघतात आणि आईस्क्रीम घ्यायला वळतात. तुम्ही आत जा, तिकीट काढा, वरच्या मजल्यावरचं म्युझियम गाठा. मनोरा चढायच्या भानगडीत पडू नका, सगळा वेळ पायऱ्यांत जाईल.

ते नऊजण ज्या दालनात बसत, त्याच्या तीन भिंतींवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकारानं १३३८-३९ साली चांगलं राज्य आणि वाईट राज्य रंगवलं. देवादिकांची किंवा लढायांची चित्रं काढायची तो काळ. त्यात एका नगरानं स्वतःच्या कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच कामाचं फळ काढून ठेवलं. एका बाजूला शिंगं असलेला जुलमी राजा बसलाय, पायाशी न्यायदेवता बांधून टाकलेली. दुसऱ्या बाजूला चांगल्या राज्यातलं शहर. छपरावर गवंडी काम करताहेत, रस्त्यात मुली फेर धरून नाचताहेत, एका कमानीखाली जोडे विकायला मांडलेत. वेशीकडं डुक्कर हाकत एकजण येतोय, वेशीबाहेर शेतात कापणी आणि मळणी चालली आहे. आता त्या जोड्यांच्या दुकानाच्या शेजारची कमान नीट बघा. आत एक मास्तर उंच बसून शिकवतोय आणि समोर ओळीनं विद्यार्थी बसलेत. चांगल्या राज्यात शाळा चालू असते हे त्यानं सहाएक बोटांच्या चित्रात सांगून टाकलंय. माझ्या ग्रुपमधल्या शिक्षकांना मी तिथून ओढून काढते.

अजिंठा पाहिलेल्या माणसानं आणखी एक बघावं. अजिंठ्यात मातीत तूस आणि तंतू कालवून गिलावा केलाय, वर चुन्याचा पातळ हात दिलाय आणि तो वाळल्यावर रंग लावलाय. इथं चुना ओला असतानाच रंग घालायचा. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. त्या तुकड्यांचे सांधे अशा चित्रांत बारकाईनं बघितलं तर कधीकधी दिसतात. या दालनात डागडुजीची कामं निघतात, त्यामुळे ते उघडं आहे ना एवढं आधी गाईडला विचारून ठेवा.

इतिहासाच्या बाईंना तारखा सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण राहवत नाही. आपल्या देवगिरीवर १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी प्लेगनं सिएना धुऊन नेलं. लोरेन्झेत्तीही त्यातच गेला असं मानतात. तेव्हा सिएनाकरांनी कॅथेड्रल इतकं वाढवायला घेतलं होतं की आहे ते कॅथेड्रल नव्याचा नुसता आडवा हात ठरावं. प्लेगनं माणसं आणि पैसा दोन्ही संपले, काम थांबलं ते थांबलंच. नव्या कॅथेड्रलची एक प्रचंड भिंत नुसतीच उभी आहे, वर आभाळ. गाईड घाईत असेल तर ती दाखवायची राहते. "फाच्चातोने कुठं आहे?" म्हणून विचारा.

कॅथेड्रलच्या आतली संगमरवरी फरशीही चित्रांची आहे, छप्पन्न चित्रं. वर्षातला बराच काळ ती झाकलेली असते, उन्हाळ्याच्या अखेरीला काही आठवडे उघडतात. सप्टेंबरात जाणाऱ्या लातूरकरांनी हे वाचून ठेवावं.

आणि २ जुलै, १६ ऑगस्ट या तारखांना, किंवा त्यांच्या आधीच्या चार दिवसांत, तिथं शांतपणे काही बघायची आशा ठेवू नका. काम्पोवर माती टाकून घोड्यांची शर्यत होते, तिला पालिओ म्हणतात. गावात सतरा पेठा, प्रत्येकीचं स्वतःचं निशाण : गोगलगाय, कासव, हंसिणी, सुरवंट. एका वेळी दहा घोडे पळतात, खोगीर नसतं, तीन फेऱ्या. स्वार पडला तरी घोडा पहिला आला तर पेठ जिंकली! इतर दिवशी त्या पेठांच्या पाट्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर बघत चाला. मोकळा वेळ त्यातही बरा जातो.

प्रश्न : मागच्या वर्षी एका कंपनीबरोबर इटलीला गेलो. आमचे मराठी टूर मॅनेजर बसमध्ये भरभरून बोलायचे, पण गावात शिरलं की गप्प. मग एक इटालियन बाई इंग्रजीत बोलायच्या. आईला काही कळलं नाही. ही फसवणूक नाही का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : फसवणूक नाही, कायदा आहे. इटलीत स्थळांपाशी उभं राहून माहिती सांगायला तिथला गाईडचा परवाना लागतो. सोबत येणारा मॅनेजर हा वेगळा धंदा. तो चौकात तोंड उघडून शिकवायला लागला तर दंड होऊ शकतो. एका अर्थी बरंच आहे ते. सिएनाची परवानाधारक बाई सिएनावर जे बोलते ते मला जन्मात जमणार नाही.

पण तुमच्या आईंची तक्रार खरी आहे आणि तिची जबाबदारी मॅनेजरची. पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवा : बस गावाला पोचण्याआधीच्या अर्ध्या तासात सगळी गोष्ट मराठीत हवी. आम्ही तसंच करतो. मग बाई इंग्रजीत काय म्हणतात ते नाही समजलं तरी बोट कुठं दाखवलं त्यावरून कळतं. आणि गाईडचा आवाज ऐकायला देतात ते कानातलं यंत्र खरखरायला लागलं की समजा, तुम्ही फार मागं राहिलात. दुकानाच्या काचेपासून हला.

प्रश्न : माझे आई-वडील सत्तरीचे. आईचे गुडघे कुरकुरतात. ही सहल झेपेल का?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : नाही झेपणार, स्पष्ट सांगते. सिएना टेकड्यांवर वसलंय, रस्ते दगडी आणि चढउताराचे. काही ठिकाणी सरकते जिने आहेत, पण बस तिथंच थांबेल याचा भरवसा नाही. सान जिमिन्यानोला वेशीपासून वरच्या चौकापर्यंत चढ. आणि हे सगळं गाईडच्या झेंड्यामागं, तिच्या वेगानं.

त्यांना पिसा आणि लुक्का करा, रेल्वेनं. दोन्ही सपाटीवर. पिसा सेंट्रलहून मनोरा लांब पडतो, पण पिसा सान रोस्सोरे नावाचं छोटं स्टेशन मनोऱ्याच्या जवळ आहे, तिथं थांबणाऱ्या गाड्या बघून घ्या. पिसाहून लुक्का अर्ध्या तासावर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर गावाचा कोट. हा कोट चारएक किलोमीटरचा, वरून बैलगाडी आरामात फिरेल एवढा रुंद, दुतर्फा झाडं, बसायला बाकं. आई बाकावर बसतील, बाबा एक चक्कर मारून येतील. तिकीट कागदी असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड.

प्रश्न : आम्ही माळकरी. दारू-मटण तर नाहीच, अंडंही नको. दिवसभर बाहेर राहायचं तर खायचं काय? धपाटे नेलेले चालतात का?
(एक वाचक, धाराशिव)

उत्तर : धपाटे न्या, शेंगदाण्याची चटणी न्या, कुणी काही म्हणत नाही. कुंथलगिरीचा पेढा मात्र घरीच ठेवा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. तूप-दह्याचंही तेच.

तिथं गेल्यावर सिएनाच्या भागात पिची मिळतात, हातानं वळलेल्या जाड शेवया. नुसत्या पीठ-पाण्याच्या, साधारणपणे अंडं नसतं. "पिची आल्लाल्योने" मागा, म्हणजे टोमॅटो आणि भरपूर लसणाची. रिबोल्लिता म्हणजे शिळी पोळी घालून कुस्करा करतो ना, तसं शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी घालून केलेलं दाट सार. पण त्यात मांसाचं पाणी वापरलंय का ते विचारायलाच हवं. मांस नको तर "सेंत्सा कार्ने", अंडं नको तर "सेंत्सा उओवा". पार्मिजानो चीज वासराच्या पोटातलं विरजण लावून करतात, त्यामुळे वरून किसून घालू नका म्हणून सांगा. पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजलाही बहुधा तसलंच विरजण असतं. आणि तिथल्या पावात मीठ नसतं. बिघडला म्हणून परत करू नका, टस्कनीत, म्हणजे या सगळ्या भागात, तो तसाच करतात. चटणी तिथंच कामाला येते.

द्राक्षमळ्यातलं जेवण तुमच्यासाठी नाहीच. तिथं ताटापेक्षा पेल्याचे पैसे जास्त.

प्रश्न : पिसाचा मनोरा चढायचाय. बरोबर मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहाचा. आणि तो वाकडा का, हे मुलांना काय सांगू?
(एक वाचक, बीड)

उत्तर : आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. म्हणजे एकानं मुलीला घेऊन चढायचं, दुसऱ्यानं मुलाला हिरवळीवर सांभाळायचं. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. बसच्या सहलीत ती वेळ जुळेलच असं नाही, तेव्हा सहलीवाल्यांकडूनच मनोऱ्याचं तिकीट घ्या किंवा विचार सोडा.

मुलांना असं सांगा : ११७३ साली काम सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं आणि एका बाजूची मऊ जमीन खचली. मग लढाया आल्या आणि काम शंभरएक वर्षं रखडलं. तेवढ्यात खालची माती दबून घट्ट झाली, म्हणून तो वाचला. सलग बांधत गेले असते तर कधीच आडवा झाला असता. पुढं १९९० साली मनोरा लोकांसाठी बंद केला, आणि उंच बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून त्याला किंचित सरळ केला. २००१च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. पूर्ण सरळ का नाही केला, हे तुमचा मुलगा विचारणारच. उत्तर तुम्हीच द्या!

प्रश्न : सान जिमिन्यानोबद्दल चार ओळी सांगाल का? नावच पहिल्यांदा ऐकलं.
(एक वाचक, हिंगोली)

उत्तर : रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं गाव. केशराच्या व्यापारात पैसा आला आणि मग श्रीमंत घराण्यांत चुरस लागली, कुणाचा मनोरा उंच. एकेकाळी बहात्तर होते म्हणतात, आता चौदा उरलेत. १३४८च्या प्लेगनंतर गाव फ्लॉरेन्सच्या हाताखाली गेलं, पैसा आटला, जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडं काही राहिलं नाही. म्हणून ते आज जसंच्या तसं दिसतं. विहिरीच्या चौकात तासभर काढा, पुरे.

प्रश्न : मी भोकरदनचा. आमच्याकडच्या मूर्तीसारखी मूर्ती इटलीत आहे असं शाळेत ऐकलं होतं. या सहलीत ती दिसेल का?
(एक वाचक, जालना)

उत्तर : या सहलीत नाही. पण हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं.

इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई हे रोमन शहर राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घराच्या उत्खननात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ती भारतातली हे बघताक्षणी कळतं. तशाच घडणीची, अर्धीच उरलेली हस्तिदंती मूर्ती तुमच्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, आणि तिच्याशी मिळतीजुळती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तेर म्हणजे तगर. पैठण आणि तगर इथला माल भडोच बंदरात जायचा आणि तिथून रोमन जहाजांत, हे त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. ठाम पुरावा नाही, पण जालन्याच्या माणसानं मानायला हरकत नाही.

ती मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे. रोमहून पॉम्पेईच्या ज्या एकदिवसीय सहली निघतात, त्यातल्या बहुतेक म्युझियमला जात नाहीत, व्हेसुव्हियस किंवा समुद्रकिनारा दाखवून परत आणतात. तेव्हा सहल घेऊ नका. फ्लॉरेन्सहून वेगवान रेल्वे तीनएक तासांत नेपल्सला पोचते, म्युझियम भुयारी रेल्वेच्या स्टेशनला लागूनच आहे. तिकीट काढताना "भारतीय मूर्ती कुठल्या दालनात?" असं विचारा, कारण ती मुख्य दालनांत नसते. आधी तेरच्या म्युझियममध्ये जाऊन तिथली मूर्ती डोळ्यांत भरून घ्या, म्हणजे नेपल्सला काय बघायचं ते कळेल. आणि मंगळवार टाळा. वेरूळसारखंच त्यांचंही म्युझियम मंगळवारी बंद असतं.